मर्ल ड्रेशरचं कार्ड, लू पास्तोरेकचं नाक

मर्ल ड्रेशर हा आमच्या हॅकर्स फोर्डचा न्हावी. तीस वर्षांत गावातल्या बहुतेक डोक्यांवरून त्याची कात्री फिरली आहे. त्यातल्या बऱ्याच डोक्यांवर आता कात्रीला काही काम उरलेलं नाही, तरी माणसं दर दुसऱ्या शनिवारी येऊन खुर्चीत बसतातच. केस हे निमित्त, खरा कार्यक्रम बेसबॉलचा. कोणत्या खेळाडूला विकून टाकायला हवं होतं, कोणाला ठेवायला हवं होतं, संघाचा मॅनेजर किती बिनडोक आहे, यावर तिथं सकाळी आठपासून खल चालतो. मर्ल त्यात तोंड घालत नाही. तो फक्त "मान खाली" एवढंच म्हणतो.

आता गंमत अशी की त्या सगळ्या दीडशहाण्यांत मोठ्या लीगच्या मैदानावर पाय ठेवलेला माणूस एकच, आणि तो म्हणजे हा मान खाली म्हणणारा. शाळा संपल्या संपल्या मर्ल मोठ्या संघात गेला आणि दोन वर्षं तिथं होता. त्याचं कार्डसुद्धा निघालं होतं, च्युइंगमच्या पाकिटातून येतं तसलं रंगीत पुठ्ठ्याचं. त्यावर नाव मर्लचं, जन्मतारीख मर्लची, मागच्या बाजूला हॅकर्स फोर्ड, ओहायो हेही छापलेलं. चेहरा मात्र भलत्याच माणसाचा होता. नाक दोनदा मोडलेलं, जबडा पाटासारखा रुंद, गालांवर दोन दिवसांची दाढी. आणि पाठीमागे लिहिलेलं, वय वर्षं अठरा.

"छापणाऱ्यांनी घोळ घातला," असं गाव म्हणायचं. मर्ल त्याला हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. त्या कार्डावर सही मात्र त्यानं कधीच केली नाही. कोणी पुढे केलं तर म्हणायचा, "दुसऱ्याच्या तोंडावर मी माझं नाव लिहीत नाही," आणि विषय संपायचा.

नव्वद सालच्या वसंतात तर देशाला कार्डांचं वेडच लागलं. चांगली पन्नाशीची माणसं माळ्यावर चढून बुटांची खोकी उपसायला लागली. ज्यांच्या आयांनी ती खोकी कधीच कचऱ्यात टाकली होती, ते म्हाताऱ्या आयांशी भांडायला लागले. आमचा हार्डवेअरवाला डेल खिळ्यांच्या शेजारी कार्डांची पाकिटं मांडून बसला, आणि खिळे कमी खपायला लागले म्हणून कुरकुरतही बसला.

नोरीन बकवॉल्टरला मात्र हे वेड जुनंच. नोरीन शाळेची बस चालवते. आवाज असा की मागच्या सीटवरचं पोरगंही पुढचा आरसा न बघता सरळ बसतं. ती सगळीच कार्डं जमवत नाही. बेसबॉलमध्ये एक विचित्र नियम होता, त्या नियमात सापडलेल्या पोरांचीच जमवते, आणि तीही सही असलेली. आपल्या हातानं पत्र लिहायचं, कार्ड घालायचं, परतीचं तिकीट लावलेलं पाकीट जोडायचं आणि वाट बघायची. पन्नासच्या वर सह्या तिनं अशा टपालानं मिळवल्या होत्या. राहिला होता एकच, आणि तो तिच्या घरापासून चार घरांवर दुकान मांडून बसला होता. त्यालाही ती टपालानंच पाठवायची. सात वेळा पाठवलं. सातही वेळा कार्ड कोरं परत आलं, सोबत एका फुकट हजामतीची चिठ्ठी, तिच्या नवऱ्यासाठी.

तर त्या एप्रिलमध्ये, शनिवारी सकाळी, दुकान भरलेलं असताना नोरीन आत आली.

"मर्ल, अग्निशमनवाल्यांच्या हॉलमध्ये मे महिन्यात कार्डांचा मेळावा आहे. रविवारी पॅनकेकच्या न्याहारीबरोबर. तुला टेबलामागे बसायचंय."

"मी न्हावी आहे. पॅनकेक मला करता येत नाहीत."

"सह्या करायला बस म्हणतेय मी."

"मान खाली," मर्ल खुर्चीतल्या डेलला म्हणाला.

"तू ज्या पोरांची कार्डं जमवतेस, त्यांचा तो नियम तरी काय होता गं?" डेलनं मान खाली घालूनच विचारलं. बेसबॉलमधलं काही आपल्याला ठाऊक नाही हे त्यानं कबूल करायची ही पहिलीच वेळ.

नोरीन एवढ्याचीच वाट बघत होती. "अरे, श्रीमंत संघ पैशाच्या जोरावर शाळेतली चांगली चांगली पोरं उचलायचे आणि लहान संघांमध्ये कुजवत ठेवायचे. ते थांबवायला मालकांनी सत्तेचाळीस साली आपसात ठरवलं, की चार हजार डॉलरच्या वर देऊन जे पोरगं घ्याल, ते खालच्या लहान संघांत लपवता येणार नाही. मग मालकांनीच तो मोडला, मग त्रेपन्नपासून आणखी कडक करून परत आणला. असलं पोरगं दोन वर्षं मोठ्या संघातच ठेवायचं. खेळवा नाहीतर नका खेळवू. त्याच्यासाठी जागा करायची, म्हणजे जाणत्या माणसाला घरी पाठवायचं. पोरगं बाकावर बसून कुजायचं आणि बाकीचे त्याला पाण्यात पाहायचे. संघवाले याच्यातूनही पळवाटा काढायचेच. कागदावर चार हजार, आणि बापाला होडी, नाहीतर काकाला नोकरी."

"आमच्या घरी मोटार देऊ केली होती," मर्ल अचानक म्हणाला.

 मर्ल आपण होऊन बोलला हे कुणाला खरंच वाटेना.

ते असं झालं होतं. मर्लचे वडील ओटो ड्रेशर चीजच्या कारखान्यात होते. माणूस सरळ इतका की चर्चमध्ये उशिरा पोचले तर स्वतःच मागच्या बाकावर जाऊन बसायचे. पंचावन्न सालच्या जूनमध्ये संघाचा माणूस त्यांच्या स्वयंपाकघरात आला, रुबार्ब-पाय या आंबटगोड पदार्थाचे दोन तुकडे खाल्ले आणि म्हणाला, "कागदावर चार हजार. बाकी दोन हजारांची नवी मोटार तुमच्या बायकोच्या नावावर. म्हणजे पोरगं खाली खेळून तयार होईल, सगळ्यांचंच भलं."

ओटो म्हणाले, "माझी बायको गाडी चालवत नाही. जे द्यायचं ते कागदावर लिहा."

त्या माणसानं तासभर समजावलं. ओटोंनी तिसरा तुकडा वाढला, पण बधले नाहीत. कागदावर सहा हजार लिहिले गेले, आणि बापाच्या प्रामाणिकपणापायी मर्ल दोन वर्षांसाठी बाकाला खिळला.

दोन वर्षांत अकरा सामने. नऊ वेळा बॅट हातात आली, एकदा चेंडू लागला, तोही बॅटच्या मुठीवर लागून कुठेतरी पडला. संघातले लोक त्याला "बाळ" म्हणायचे. कोणीतरी त्याच्या कपाटात दुधाची बाटली ठेवली होती, बुचासकट. प्रत्येकाचा एखादा तरी मित्र असल्या पोरांमुळे घरी गेलेला होता, त्यामुळे मर्लशी कोणी बोलत नसे. बोलायचा एकटा लू पास्तोरेक.

लू पेन्सिल्व्हेनियातल्या कोळशाच्या खाणींकडचा. वय तेहेतीस, दिसायला पंचेचाळीस. बारा वर्षं त्यानं लहान गावांच्या संघांत कॅचर म्हणून चेंडू झेलले होते, आणि आता कुठे मोठ्या संघात तिसऱ्या नंबरचा कॅचर झाला होता. घरी बायको आणि तीन मुली. हॉटेलात त्याची आणि मर्लची खोली एकच, आणि तो असा घोरायचा की मर्लनं पहिला आठवडा न्हाणीघरात झोपून काढला. फ्लोरिडातल्या सरावाच्या दिवसांत लूनंच त्याच्या हातात कात्री दिली.

"पोरा, इथल्या न्हाव्याला माझं डोकं देण्यापेक्षा तुला देतो. बिघडलंच तर टोपी आहे."

बिघडलं. पण दुसऱ्यांदा कमी बिघडलं. हळूहळू जे मर्लशी एक शब्द बोलत नव्हते, तेसुद्धा मुकाट्यानं त्याच्यासमोर स्टुलावर येऊन बसायला लागले. मोठ्या लीगनं मर्लला बेसबॉल शिकवला नाही, हजामत शिकवली.

एवढं सांगून मर्ल थांबला. दुकानातली माणसं हसत होती, डेल तर खुर्चीत हलायला लागला होता. तेवढ्यात नोरीननं पिशवीतून एक जुना संघाचा फोटो काढला. छप्पन सालच्या सरावातला, सगळे रांगेत उभे.

"मागची रांग, डावीकडून तिसरा. हे नाक मी ओळखते. तुझ्या कार्डावर आहे तेच. हाच तो लू ना?"

मर्लची कात्री डेलच्या कानाला लागली. तीस वर्षांत पहिल्यांदा त्या दुकानात रक्त निघालं.

"आई गं!" डेल ओरडला. "अरे, कान आहे तो!"

"दुकान बंद," मर्ल म्हणाला.

सगळे गेले, पण नोरीन गेली नाही. तिला बाहेर काढणं ही बस ओढण्याइतकीच अवघड गोष्ट आहे. शेवटी डेलच्या कानाला लावलेला कापूस हातात चुरगाळत मर्लनं तिला सगळं सांगितलं.

छप्पनच्या मार्चमध्ये कार्डांचा फोटोवाला आला होता. तो यादीतून नाव पुकारायचा, नावाचा माणूस उलट्या खोक्यावर जाऊन बसायचा, की क्लिक. फोटोवाल्याची फजिती करणं हा खेळाडूंचा जुना धंदाच. डावखुरे उजव्या हातानं पोज द्यायचे. लू मर्लला म्हणाला, "तुझं नाव आलं की मी जातो, माझं आलं की तू जा. मजा येईल." मर्ल तर खूश झाला. कोणीतरी आपल्याला थट्टेत घेतंय, हेच त्याला पुष्कळ होतं.

मे महिन्यात संघातली माणसं कमी करायचा दिवस आला. एकाला काढायचं होतं. मर्लला नियमानं हलवता येत नव्हतं. मग लू गेला. लू बॅग भरत असताना मर्ल पलंगाच्या कडेवर बसून होता आणि त्याच्या तोंडातून शब्द फुटला नाही. "नीट जेवत जा, पोरा," एवढंच म्हणून लू निघून गेला. ऑगस्टमध्ये कार्डं बाजारात आली. गेलेल्या माणसाचं कार्ड कोण छापणार? मर्लचं तेवढं निघालं, लूच्या चेहऱ्याचं.

"आईनं गावातल्या दोन्ही दुकानांतली पाकिटं विकत घेतली," मर्ल म्हणाला. "सगळी. माझ्या नावाची कार्डं काढून डब्यात बंद केली आणि च्युइंगम आम्ही नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत चघळत बसलो. तिला वाटलं छापणाऱ्यांनी माझी अब्रू घेतली. मी तिला काय सांगणार? मी त्या माणसाची जागा खाल्ली, नोरीन. तीन मुलींच्या बापाची. आणि वर त्याचा चेहराही घेतला. त्यावर सही करू म्हणतेस?"

नोरीननं संघाचा फोटो पिशवीत घातला. 

"त्याला कधी पत्र टाकलंस?"

"काय लिहिणार होतो?"

"चौतीस वर्षं झाली, मर्ल."

"मोजता येतात मला."

पुढे नोरीननं जे केलं ते कार्डं जमवणारे लोकच करू जाणोत. आणखी एक कार्ड घेतलं, परतीचं पाकीट जोडलं आणि थेट लू पास्तोरेकला पाठवून दिलं. पत्ता शोधायला तिला दोन फोन पुरले. लू त्याच खाणींकडच्या गावात राहत होता, चेंडूनं लाकडी बाटल्या पाडायच्या बोलिंगचा अड्डा चालवून निवृत्त झालेला. दहा दिवसांत उत्तर आलं. कार्डावर, त्या नाकाच्या अगदी शेजारी, निळ्या शाईत ठळक सही होती: लू पास्तोरेक. सोबत पत्र:

"बाई, चेहरा माझा आहे हे आमच्या घराबाहेर कोणी ओळखलं, असं हे पहिल्यांदाच होतंय. ड्रेशर हयात आहे का? असेल तर मी सही केली हे त्याला सांगू नका. त्याचा माझ्यावर राग असेल, आणि तो असायलाच हवा."

सांगू नका म्हटलेलं नोरीननं दहा मिनिटांत येऊन सांगितलं. मर्लनं पत्र दोनदा वाचलं, मग आर्लीनला, म्हणजे त्याच्या बायकोला, वाचायला दिलं.

"माझा त्याच्यावर राग?" तो म्हणाला. "याला विसर पडलाय. म्हातारा झाला बिचारा."

"मेळाव्याला येतोय तो," नोरीन म्हणाली. "थोरली मुलगी गाडीनं आणतेय."

"त्या रविवारी मी मासे धरायला जाणार आहे."

"तू जन्मात मासा धरला नाहीस," आर्लीन म्हणाली. "धुतलेला शर्ट खुंटीवर आहे."

त्या रविवारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. एका बाजूला तव्यावर पॅनकेक उलटत होते, दुसऱ्या बाजूला माणसं पुठ्ठ्याच्या एकेका तुकड्यावरून घासाघीस करत होती, आणि सगळ्यांच्या बोटांना सिरप लागलेलं असल्यानं कार्डवाले एकसारखे "हात लावू नका!" म्हणून ओरडत होते. मर्ल दारातून दोनदा परत फिरला. दोन्ही वेळा आर्लीन मागेच उभी होती.

लू टेबलामागे आधीच बसला होता. केस पांढरे, पण नाक तेच. समोर पॅनकेकची ताटली रिकामी. मर्ल जाऊन त्याच्यासमोर उभा राहिला. हात कुठे ठेवावेत हे त्याला कळेना.

"नमस्कार, मिस्टर पास्तोरेक. मला तुम्हाला…"

"तुम्ही? तुम्ही कुणाला म्हणतोस?" लू गरजला. "माझे मोजे घालून हिंडायचास तू! बस खाली. जाड झालास. बरं झालं."

मर्ल बसला. मग त्यानं चौतीस वर्षं मनात पाठ केलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. नियम, कागदावरचे सहा हजार, लूची बॅग, तीन मुली, पलंगावर आपण मुक्यासारखे बसलो ते. लू ऐकत गेला, आणि त्याचा तो रुंद जबडा हळूहळू खाली येत गेला.

"म्हणजे तू… अरे गाढवा," तो म्हणाला. "तुझ्यामुळे कोण गेलं? माझा गुडघा वाकत नव्हता! फेब्रुवारीतच मॅनेजर मला म्हणाला होता, लू, तुझं झालं. मेपर्यंत ठेवतो, तेवढाच मोठ्या लीगचा पगार. तू नसतास, तो नियम नसता, तरी मी त्याच दिवशी गेलो असतो."

मर्लनं वाकून टेबलाखालच्या त्या गुडघ्याकडे पाहिलं.

"आता माझं ऐक," लूनं आवाज खाली आणला. त्याची थोरली मुलगी दूर उभी राहून कॉफी पीत होती, तिच्याकडे त्यानं एकदा पाहिलं. "बारा वर्षं चेंडू झेलले. मुलींना वाटायचं, बाबांचं कार्ड येणार, पाकिटातून निघणार. आणि मला ठाऊक होतं की ऑगस्ट येईपर्यंत मी संघात नसेन, माझं कार्ड कोणी छापणार नाही. पण तुझं छापणार. तुला तर कोणी हलवूच शकत नव्हतं, नियमच तसा. म्हणून मी तुझ्या नावावर जाऊन बसलो. थट्टा नव्हती ती, पोरा. चोरी होती. तुझं एकुलतं एक कार्ड मी पळवलं, आणि मग तुला तोंड दाखवायची हिंमत झाली नाही."

"आणि मुली?"

"तिघी शाळेत घेऊन जायच्या. बाई म्हणायच्या, यावर तर ड्रेशर लिहिलंय. तर या म्हणायच्या, नाव चुकलंय, बाबा आमचेच आहेत." लूनं नाक ओढलं. "अजून तिघींच्या पर्समध्ये आहे. पण तुझ्या आईकडे तुझ्या चेहऱ्याचं एक कार्ड नाही राहिलं, हे माझ्या मनातून कधी गेलं नाही. मागून घ्यायला हवं होतं तुझ्याकडे. पण अठरा वर्षांच्या पोरापुढे हात कसा पसरायचा? तू नाहीच म्हणाला असतास."

हॉलमध्ये कोणाच्या तरी हातून ताटली पडली, कोणी ओरडलं. मर्लचं तिकडे लक्ष नव्हतं.

"बसलो असतो," तो म्हणाला.

"काय?"

"मागितलं असतंस तरी त्या खोक्यावर तुझ्या नावानं बसलो असतो. खुशीनं. सगळ्या संघात तू एकटा माझ्याशी बोलत होतास, लू."

 लूनं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला, परत काढला. शेवटी त्यानं आपला भलामोठा हात मर्लच्या मानेवर ठेवला आणि तसाच राहू दिला.

नोरीन इतका वेळ तीन हातांवर दम धरून उभी होती, आता तिला राहवेना. लूच्या सहीचं कार्ड तिनं मर्लसमोर सरकवलं आणि पेन टेकवलं. मर्लनं या खेपेला नाही म्हटलं नाही. त्या मोडक्या नाकाखाली, जिथं त्याचं नाव छापलेलं होतं, तिथंच त्यानं सही केली. पण तीस वर्षं वस्तरा धरलेला तो हात इतका थरथरला, की त्या रेघोट्या म्हणजे मर्ल ड्रेशर असं नोरीनला आजही प्रत्येकाला सांगावं लागतं.